काळ्या मातीत क्रेन लावायचीय, जॅकखाली (क्रेनच्या चार पायांखाली) काय टाकू?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेडचं काम चालूए, सोमवारी ट्रस (छताचे लोखंडी सांगाडे) चढवायचेत. एक ट्रस 4 टन, क्रेन 40 टनी, तिचं स्वतःचं वजन 30 टन. परवा रात्री पाऊस झाला आणि माती बुटाला किलो-किलोनं चिकटतीय. ऑपरेटर म्हणतो प्रत्येक जॅकखाली दोन-दोन स्लीपर (रेल्वेचे लाकडी ओंडके) टाकू, 40 टनी मशीनला 4 टन म्हणजे काहीच नाही. मालकाला घाई. मी नवीन सुपरवायझर आहे, मला काय पटंना.

उत्तर 1
भाऊ, पटत नाही तेच बरोबर आहे. 40 टन हा आकडा बूम (क्रेनचा लांब हात) आखडून, क्रेनच्या अगदी जवळ उचलतानाचा, तुमच्या रेडियसला, म्हणजे क्रेनपासून लोडच्या अंतराला, किती ते क्रेनच्या लोड चार्टमध्ये बघा. आणि खरा प्रश्न खालचा आहे. बूम एका कोपऱ्यावर फिरला की त्या एका जॅकवर क्रेन आणि ट्रसच्या एकूण वजनाचा पाऊण भाग येऊ शकतो, म्हणजे 34 टनातले 25 टन धरा. दोन स्लीपर म्हणजे कामाची जागा जेमतेम 1 चौरस मीटर, कारण टोकं वाकतात. ओल्या काळ्या मातीचा तिथं 10 टनाचाही भरवसा नाही. जेसीबी लावून मुरूम लागेपर्यंत माती काढा, थराथरानं मुरूम भरून रोलर मारा, वर 2 बाय 2 मीटरची जाड प्लेट टाका.

उत्तर 2
होटगी रोडला आमच्या साईटवर जुना पाईपलाईनचा चर बुजवलेला होता, कुणी सांगितलंच नाही. सकाळी लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्ये होता, तिसऱ्या लोडला मी सहज पलीकडच्या जॅककडं बघितलं तर त्याच्या पॅडखालून (तळाच्या थाळीखालून) उजेड दिसतोय! जॅक उचलला गेला होता ओ, इकडचा चरात बसत चालला होता. ओरडून लोड खाली ठेवायला लावला म्हणून माणसं वाचली, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. चर, चेंबर कुठं आहे ते मालकाला आधी विचाराच. पहिला ट्रस फूटभर उचलून पाच मिनिटं तसाच धरा, चारही जॅक फिरून बघा, मगच पुढं.

उत्तर 3
चारही आउटरिगर (जॅक ज्यांच्या टोकाला असतात ते आडवे हात) पूर्ण बाहेर काढा, जागा नाही म्हणून एक अर्धा ठेवतात तसं अजिबात नको. वरून 11 केव्हीची लाईन जात असेल तर महावितरणकडून आधीच शटडाऊन घ्या.

प्रश्न विचारणारा
मालकाला 25 टनाचा हिशोब कागदावर मांडून दाखवला, गप्प झाले आणि स्वतःच जेसीबीला फोन लावला. तीन कोपऱ्यांत 3 फुटांवर मुरूम लागला, चौथ्यात बुजवलेली सेप्टिक टाकी निघाली. क्रेन आता दुसऱ्या बाजूनं लावतोय, ट्रस बुधवारी.