सामान सगळ्यांचं, किल्ली एकाची

कलंदर (जुलै 2025)
चंद्राभोवती फिरायचं 'गेटवे' स्थानक मे महिन्यात अमेरिकी सरकारने अंदाजपत्रकातून वगळायला घेतलं. जुलैत तिथल्या संसदेने 2.6 अब्ज डॉलर मंजूर करून ते वाचवलं. आता भागीदारांकडे बघा. राहण्याचं दालन आय-हॅब युरोपचं, त्यातली हवा शुद्ध राखणारी यंत्रणा आणि बॅटऱ्या जपानच्या, यंत्रहात कॅनडाचा, एअरलॉक, म्हणजे अंतराळात बाहेर पडायची हवाबंद खोली, अमिरातीची. पहिल्या दालनाचं, हॅलोचं कवचसुद्धा इटलीत तुरीनला घडलं आणि एप्रिलमध्ये ॲरिझोनाला पोचलं. एवढ्यांचं सामान गोळा झाल्यावर स्थानक हवं की नको हे ठरतं वॉशिंग्टनमध्ये. आमच्याकडे भावकीतल्या सामाईक विहिरीवरसुद्धा मोटर कुणाची कधी चालणार याची पाळी ठरलेली असते. भारताने यात पडू नये असं माझं मत.

निळावंती
पाळीवरून भावकीत कोर्टकचेऱ्या किती होतात तेही लिहा की! कॅनडा काही भाडं भरत नाहीये. यंत्रहाताच्या बदल्यात त्यांनी जागा मिळवली, म्हणून आर्टेमिस-2 या नासाच्या माणसांसह चंद्रफेरीच्या मोहिमेत त्यांच्या जेरेमी हॅन्सन यांचं नाव लागलं. आणि अंतराळवीरांना चंद्राकडे नेणारं ओरायन यान ज्याच्या जोरावर चालतं ते सेवा मॉड्यूल युरोप बनवतं. युरोपने हात आखडला तर अमेरिकेचं यान जमिनीवरच. दुसरं म्हणजे 2003 मध्ये अमेरिकेचं कोलंबिया हे शटल यान कोसळलं आणि सगळी शटल अडीच वर्षं बंद राहिली, तेव्हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसं रशियाच्या सोयुझ यानाने नेली. एकट्याचं असतं तर तेव्हाच कुलूप लागलं असतं.

वऱ्हाडी ठसका
ताई, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. त्या स्थानकाची उंची राखायचं काम मुख्यतः रशियाच्या इंजिनांकडे, म्हणून भांडणं झाली तरी दोघं एकमेकांना धरून राहिले. गेटवेत इंजिन आणि वीज दोन्ही अमेरिकी मॉड्यूलमध्ये. हॉल तुमचा, पण जिना आणि मीटर त्यांचं! रशियाने 2020 मध्येच 'हे फारच अमेरिकाकेंद्री आहे' म्हणून अंग काढलं आणि पुढच्या वर्षी चीनबरोबर चंद्रतळाचा करार केला. युरोपची एक्सोमार्स ही मंगळमोहीम आठवा: 2012 मध्ये नासा बाहेर पडली, मग रशियाला धरलं, 2022 मध्ये युद्धामुळे त्यालाही सोडावं लागलं. तो रोव्हर अजून पृथ्वीवरच आहे. आपल्याला तर 1993 चं क्रायोजेनिक प्रकरण पुरेसं आहे. अतिथंड इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं तंत्र रशिया आपल्याला द्यायला तयार होता, अमेरिकेने दबाव आणून ते अडवलं.

उल्काप्रेमी
मुळात हे स्थानक लागतंय कशाला? साडेसहा दिवसांची लांबुळकी कक्षा, चंद्राच्या जवळ येणार तेव्हा 3,000 किमी, लांब जाणार तेव्हा 70,000. ओरायनला चंद्राच्या खालच्या कक्षेत उतरून परत निघायची ताकद नाही, म्हणून ही कक्षा. पुढच्या आर्टेमिस-3 मोहिमेच्या आराखड्यात तर गेटवे नाहीच. अमेरिकी अंतराळ अभियंते रॉबर्ट झुब्रिन याला टोलनाका म्हणतात. टोल म्हटल्यावर आपल्याला वेगळं समजवायला नको.

निळावंती
वऱ्हाडी, इंजिनाचा मुद्दा मान्य. पण त्याच इंजिनासाठी इंधन पोचवणारं मॉड्यूल युरोपचं आहे, तेवढं मीटरच्या खाली लिहून ठेवा.

कलंदर
मी भागीदारीच्या विरोधात नाही हो. चंद्रयान-5 बघा: लँडर आपला, रोव्हर जपानचा. एकाने माघार घेतली तर दुसऱ्याचंही अडतं, म्हणून दोघंही नीट वागतात. शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावरून नुकतेच परत आले याचा मलाही आनंद आहे, पण ती जागा आपण पैसे मोजून घेतली होती.

निळावंती
आणि तो अनुभव गगनयानला फुकट मिळाला असता का? 2035 पर्यंत उभारायच्या आपल्या स्थानकाला एकटं राहायचं असतं, तर इस्रोने जानेवारीत स्पेडेक्स प्रयोगात दोन यानं जोडून दाखवली ती डॉकिंग (जोडणी) यंत्रणा आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर कशाला बनवली असती?

वऱ्हाडी ठसका
दार जुळतं म्हणून कुणी लगेच राहायला जात नाही, ताई. आधी भाडेकरार दाखवा.