मुलीच्या मायोकार्डायटिसनंतरच्या काळजीविषयी मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सात आठवड्यांपूर्वी मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूंचा दाह झाला. हाच आजार चार वर्षांपूर्वी माझ्या दिरांनाही झाला होता, त्यामुळे घरात सतत तुलना होते आणि माझा गोंधळ वाढतो.

दिरांच्या छातीत पहाटे जोरात दुखू लागले. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) वाढलेले असल्याने सर्वांना तो हार्ट अ‍ॅटॅकच वाटला. पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या आणि एमआरआयमध्ये स्नायूंची सूज दिसली. हृदयाचे पंपिंग, म्हणजे रक्त पुढे ढकलण्याची क्षमता, चांगले होते, म्हणून पाचव्या दिवशी ते घरी आले.

मुलीने मात्र छातीत दुखते असे एकदाही म्हटले नाही. सर्दी-ताप उतरल्यावर आठवड्याभराने तिला उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली, तेव्हा गॅस्ट्रो समजून सलाइन लावले गेले. त्या रात्री ती आडवी होईना. उशीला टेकून बसून राहिली. अंगात ताप नसताना कपाळावर घाम आणि नाडी मिनिटाला १६०. दुसऱ्या रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी तिच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवताच यकृत वाढल्याचे ओळखले आणि तातडीने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करवला. पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर ढकलल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) फक्त २८ टक्के होते. हृदयाला रक्त पुढे ढकलता येत नसल्याने ते यकृतात तुंबले होते आणि पोट त्यामुळे दुखत होते. लहान मुलांत हा आजार असा पोटाच्या किंवा दम्याच्या रूपाने येऊ शकतो, हे मला आधी कळायला हवे होते असे अजूनही वाटत राहते.

अकरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. तिला इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) दिले, जे दिरांना दिले नव्हते. मुलांत ते बरेचदा देतात, पण त्याच्या उपयोगाचा पक्का पुरावा नाही, असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. आता पंपिंग ५२ टक्के आहे.

तीन ते सहा महिने धावणे-खेळणे बंद, असे दिरांना सांगितले होते आणि मुलीलाही तेच सांगितले आहे. दिरांनी ते पाळले, पण बरे वाटू लागलेल्या सहा वर्षांच्या मुलीला जिन्यावर आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत कसे आवरावे? ‘धाकट्याला तर आठवड्यात बरे वाटले होते, हिला इतके काय जपायचे,’ असे सासूबाई दिरांचा दाखला देत काळजीपोटीच म्हणतात; त्यांना काय समजावावे हेही मला सुचत नाही. शिवाय तिला एमआरआयसाठी भूल द्यावी लागेल. इको सुधारत असताना ती जोखीम घ्यावी का? आणि खेळायला परवानगी देण्यापूर्वी तुमच्या मुलांची होल्टर तपासणी (अंगावर यंत्र लावून दिवसभर हृदयाच्या ठोक्यांची नोंद) झाली होती का?

पुढच्या गुरुवारी बालहृदयरोगतज्ज्ञांची भेट आहे. निर्णय त्यांचाच राहील, पण मला नेमके प्रश्न घेऊन जायचे आहे. ज्यांच्या दहा वर्षांखालील मुलांना हा आजार झाला होता, त्यांनी आणि येथील डॉक्टर मंडळींनी कृपया लिहावे.