भाड्याच्या विजेच्या स्कूटर लोक सोडत का नाहीत?

जुळे सोलापूरकर :
पुण्यात शिकणारी माझी मुलगी दोन वर्षांपासून भाड्याची विजेची स्कूटर वापरते. परवा तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिने रांगेतल्या पहिल्या स्कूटरचा ब्रेक दाबून पाहिला, तो सैल लागताच ती तिथेच सोडली आणि शेजारच्या स्कूटरवरचा कोड स्कॅन करून निघाली. स्वतःची गाडी असती, तर त्या ब्रेकपायी तिची सकाळ गॅरेजमध्ये गेली असती. लोक या स्कूटर धरून राहतात ते पर्यावरणासाठी नव्हे, तर चार्जिंग, दुरुस्ती आणि पार्किंगची कटकट कंपनीकडे राहते आणि नेलेली गाडी परत आणावी लागत नाही म्हणून, असे माझे मत आहे. आपल्या सोलापूर स्टेशनबाहेरही अशी सोय हवी. रात्री उतरलेल्या एकट्या माणसाला रिक्षाच्या सीटा भरेपर्यंत ताटकळावे लागू नये.

होटगी रोड :
सोय आहे हे मान्य, पण ती पायी चालणाऱ्याच्या जागेवर उभी आहे. माझ्या आईला नीट दिसत नाही. मुंबईत कोणीतरी फुटपाथवर आडवी सोडलेल्या अशाच स्कूटरला अडखळून ती पडली आणि तिचे मनगट मोडले. पॅरिसमध्ये २ एप्रिल २०२३ रोजी लोकांनाच विचारले, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के विरोधात गेले आणि त्या सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटर तिथल्या रस्त्यांवरून हटल्या.

जुळे सोलापूरकर :
आपल्या आईंना झालेला त्रास मी कमी लेखत नाही. पॅरिसचे उदाहरण मात्र पुरते लागू होत नाही, कारण त्या स्कूटर उभ्याने चालवायच्या होत्या आणि मतदानाला जेमतेम साडेसात टक्के लोक आले होते.

साखर पेठ :
तुम्ही दोघेही आपखुशीने स्कूटर घेणाऱ्यांविषयी बोलत आहात. माझा भाचा बंगळुरूत घरोघरी जेवण पोहोचवतो. त्याच्याकडे ना वाहन परवाना होता, ना गाडीच्या डाउन पेमेंटचे पैसे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या गाडीला परवाना व नोंदणी लागत नाही, म्हणून त्याने ती आठवड्याच्या भाड्याने घेतली. दिवसभर रस्त्यावर असणारा माणूस बॅटरी बदलून लगेच पुढे जातो, घरी चार्जिंग करत बसणे त्याला परवडत नाही. जितके आठवडे तो भाडे भरतो आहे, तितक्या हप्त्यांत गाडी त्याच्या नावावर झाली असती, याचे मला फार वाईट वाटते. वापर टिकून आहे तो अशांच्या नाइलाजावरही.

जुळे सोलापूरकर :
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि तो खरा आहे. तरीही परवाना नसलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून कमाई करता आली, हेही त्याच स्कूटरमुळे घडले.

होटगी रोड :
स्टेशनबाहेर जागा आखून द्यावी आणि स्कूटर त्या चौकटीत उभी केल्याखेरीज भाड्याचे मीटर थांबू नये, एवढे झाले तर माझा विरोध नाही. मात्र नवी पेठेत आधीच पाय ठेवायला जागा नसते. तिथे एकही चौकट आखू नये.