दक्षिण महाराष्ट्रातले जैन मूळचे कुठले?

कृष्णाकाठ:
आम्ही चतुर्थ जैन (जैनांतली शेतकरी पोटजात), शिरोळ तालुका, घरची ऊसशेती, आडनाव पाटील. पुण्यात ऑफिसात सगळे मराठा समजतात आणि जैन म्हटलं की लगेच "मारवाडातनं कधी आलात?" आता काय सांगायचं यांना? आजोबांच्या आधीचं कुणालाच काही माहीत नाही घरात.

शिलालेखवेडा:
मारवाडाशी काही संबंध नाही हो. बेळगावकडच्या खानापूरजवळच्या हलशीला कदंब राजा मृगेशवर्म्यानं जिनालय बांधून जमिनी दिल्याचा ताम्रपट आहे, तो पाचव्या शतकातला. पुढे कोल्हापूरचे शिलाहार, त्यांचा सामंत निंबदेव, त्यानं कोल्हापुरात रूपनारायण बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर) बांधली. पण तुमच्या कामाचा लेख म्हणजे कागलजवळच्या बामणीचा, 1150 च्या सुमाराचा. त्यात राजा विजयादित्यानं बस्तीला शेत, फुलबाग आणि घर दिलंय, नि ती बस्ती बांधणारा कोण तर कामगावुंड. गावुंड म्हणजे गावचा पाटीलच की! साडेआठशे वर्षांपूर्वी इथला जैन जमीनजुमला राखून होता, दुकान टाकायला आलेला नव्हता.

सह्याद्री_भटक्या:
त्याहून जुनं सांगतो, मावळात कामशेतजवळ पाळ्याच्या लेण्यात "नमो अरहंतानं" कोरलंय, इसवी सनाच्या आधीचं मानतात. म्हणजे दोन हजार वर्षं झालीच की तुमची.

शिलालेखवेडा:
लेणं भारीच आहे, पण मावळातल्या साधूंच्या लेण्यापासून शिरोळच्या पाटलांपर्यंत सरळ वंशावळ ओढू नका राव, मधला धागा कुठाय? धर्म इथं होता एवढंच त्यातनं कळतं.

बेळगावकर:
आमच्याकडं घरात कन्नड, शाळा मराठी, आणि दोन्हीकडचे आम्हाला परके म्हणायला तयार 😀 बामणीचा लेखसुद्धा संस्कृत, पण लिपी जुनी कन्नड. तेव्हा कुठली बॉर्डर नि काय. चतुर्थांचा मठ नांदणीला (जिथली माधुरी हत्तीण वनताराला नेली तोच), पंचमांचा, म्हणजे दुसऱ्या पोटजातीचा, कोल्हापूरला लक्ष्मीसेनांचा. कर्मवीर भाऊराव पाटील पण कुंभोजचे जैनच, हे ऑफिसात सांगून बघा, निम्म्यांना माहीत नसतं.

कृष्णाकाठ:
कामगावुंडाचं लै भारी. उद्या डब्याच्या वेळी काढतोच विषय, आणि सुट्टीत हलशी करून येतो, शिरोळहून एका दिवसात होतंय का?

बेळगावकर:
होतंय, पण पहाटे निघा. बेळगावातनं खानापूर रोड धरा, आणि रात्रीचं जेवत नसाल तर डबा घेऊनच या, दिवस मावळायच्या आत घर गाठणं अवघड आहे.