मदत हवी आहे : कर्ज बुडवणं सोपं असताना देश ते फेडतात कशासाठी?

नमस्कार मंडळी. सार्वभौम कर्जावर (म्हणजे देशांच्या सरकारांनी घेतलेल्या कर्जावर) सेमिनार द्यायचाय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. अर्थशास्त्राच्या जाणकारांनी जरा हात द्यावा.

ईटन आणि गेर्सोविट्झ यांचं १९८१ चं मॉडेल समजलं. देशाने कर्ज बुडवलं की पुढे कोणी उधार देत नाही, या धाकाने तो फेडतो. पण १९८९ मध्ये ब्युलो आणि रोगॉफ यांनी यातली हवाच काढून घेतली. बुडवल्यावर हप्त्याचे पैसे देश परदेशात गुंतवू शकत असेल, वाईट वर्षासाठी त्यातूनच सोय लावू शकत असेल, तर नुसत्या पत जाण्याच्या धाकावर कर्ज टिकतच नाही. गणित मी ओळीनओळ तपासलंय, पटतंय. मग जगात एवढं कर्ज उभं कसं राहतं?

कोर्टाचा धाक म्हणावं, तर २०१२ मध्ये एका फंडाने जुन्या थकबाकीपोटी अर्जेंटिनाचं नौदलाचं जहाज घानाच्या बंदरात अडकवून ठेवलं होतं. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ते सोडायला लावलं. म्हणजे तोही धाक तसा लंगडाच.

अरेलानो यांच्या २००८ च्या मॉडेलमध्ये बुडवल्यावर उत्पादन घटतं असं धरलंय, पण गृहीत धरणं म्हणजे उत्तर नव्हे (निदान मला तरी तसं वाटतं). ही घट नेमकी कुठून येते? देशी बँकांकडचे सरकारी रोखे बुडाल्यामुळे, की व्यापारासाठीचं कर्ज आटल्यामुळे? यावर वाचण्यासारखं काही सुचवाल का? गणित जड असलं तरी चालेल.