विषय: पासष्टीचं पत्र आणि पोटाचा स्कॅन

नमस्कार मंडळी,
ह्यांना यंदा पासष्ट पूर्ण होतील. पोटातल्या महाधमनीचा (हृदयाकडून येणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) स्कॅन करून घ्या, असं एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं पत्र आलंय. हे म्हणतात, "मला काही त्रास नाही, कशाला जायचं?" शिवाय भिशीत कोणीतरी म्हणालं की हा आजार आपल्या लोकांत फारसा नसतोच. जाणकारांनी सांगावं.
(लेस्टर)

---

ताई,
त्यांना जरूर पाठवा. मी बरीच वर्षं रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांच्या विभागात काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महाधमनीची भिंत कमकुवत झाली की तिथे फुगवटा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. तो फुटेपर्यंत बहुतेकांना काहीही जाणवत नाही. फुटला की दहातले आठ दगावतात, त्यातले बरेच हॉस्पिटल गाठायच्या आधीच.

आनंदाची गोष्ट ही की इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ नंतर या आजाराचे मृत्यू सतत घटत गेले. फुटलेल्या अवस्थेत दाखल होणारेही कमी झाले. तपासणीची राष्ट्रीय योजना मात्र २००९ मध्ये सुरू झाली आणि देशभर पोचायला २०१३ उजाडलं. म्हणजे घट तिच्या आधीपासूनची आहे, आणि तिचं मोठं श्रेय मी सिगारेट सुटण्याला देते. पासष्टीच्या पुरुषांत आता शंभरात जेमतेम एकाला फुगवटा सापडतो. मृत्यूंची घट पंचाहत्तरीच्या आतल्यांत जास्त दिसली. त्यापुढच्या वयात ठरवून केलेली ऑपरेशनं वाढली, कारण आता जांघेतून नळी घालून आत स्टेंट बसवता येतो आणि पोट उघडावं लागत नाही.

भिशीत ऐकलं ते खरं आहे. इथल्या अभ्यासांत दक्षिण आशियाई पुरुषांमध्ये प्रमाण कमीच दिसतं. मधुमेह्यांमध्येही ते कमी आढळतं, हे ऐकून आमचे विद्यार्थी दरवेळी चकित होतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि तुमच्या यजमानांनी कधीकाळी सिगारेट ओढली असेल तर तो धोका त्यांच्यासोबत आहेच. स्कॅनला दहा-पंधरा मिनिटं लागतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. महाधमनीची रुंदी ३ सेंटिमीटरच्या आत निघाली तर पुन्हा बोलावतही नाहीत.
(बर्मिंगहॅम)

---

डॉक्टर, फार बरं झालं लिहिलंत. माझे थोरले बंधू पुण्यात असतात. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि त्यात हा फुगवटा निघाला, ४.६ सेंमीचा. तिथले डॉक्टर म्हणतात, थांबा, लक्ष ठेवू. वहिनींची झोप उडाली आहे, ऑपरेशन लगेच का नाही म्हणून. शिवाय मी त्रेसष्टचा, ताई बहात्तरची. आमचं काय?
(स्लाव)

---

दादा,
वहिनींना सांगा, थांबायला सांगणं हा निष्काळजीपणा नाही. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले: ५.५ सेंमीच्या आत घाईने ऑपरेशन केल्याने जास्त जीव वाचले नाहीत. ऑपरेशनचा स्वतःचाही धोका असतो. इथे ४.५ ते ५.४ सेंमी असेल तर दर तीन महिन्यांनी मोजतात, बंधूंचंही तसंच मोजत राहावं. सिगारेट-विडी चालू असेल तर आजपासून बंद आणि रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घाम सुटून चक्कर आली, तर थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं आणि दारातच सांगायचं की फुगवटा आहे. तो रिपोर्ट सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

तुम्ही पत्राची वाट पाहू नका. सख्ख्या भावाला आहे म्हणजे तुमचा धोका वाढतो, तेव्हा जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, हे आताच सांगा. ताई इथे असतील तर त्यांनाही घेऊन जा. बायकांना सरसकट बोलावणं येत नाही, कारण त्यांच्यात हा आजार बराच कमी. पण झाला तर त्यांचा फुगवटा लहान असतानाच फुटण्याची शक्यता जास्त असते. सत्तरीपुढच्या बाईच्या घरात कोणाला हा आजार असेल, तर स्कॅनचा विचार करावा असं नाइसच्या (इथे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या) २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. जीपीने टाळाटाळ केली तर त्याचा उल्लेख करा.
(बर्मिंगहॅम)

---

ह्यांनी दोन्ही मेल वाचल्या आणि गुरुवारची वेळ घेतली. वीस वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेटही आज कबूल केली! शेजारचे जोशीकाका सत्तरीचे आहेत, त्यांना पत्र आल्याचं आठवत नाही. त्यांना जाता येईल का?
(लेस्टर)

---

हो. पासष्टीपुढच्या ज्या पुरुषांचा स्कॅन झालेला नाही, त्यांनी आपल्या भागातल्या तपासणी केंद्राला स्वतः फोन करून वेळ मागायची. जीपीची चिठ्ठी लागत नाही.
(बर्मिंगहॅम)