मदत हवी आहे: पार्सलच्या हिशोबात थाळी बसत नाही

५ एप्रिल २०२१ पासून कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात बसून जेवण बंद झालं होतं, फक्त पार्सल आणि घरपोच चालू होतं. छोट्या खानावळीचा तेव्हाचा हिशोब असा: थाळी १६० रुपये. जेवण घरपोच देणाऱ्या ॲपचं कमिशन २२ टक्के धरलं तर ३५.२०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६.३४. आपण ५ टक्क्यांच्या जीएसटीत असल्यामुळे हा कर परत मिळत नाही, तो खर्चातच जातो. डबे-पिशवी १२, कच्चा माल ५६. उरले ५० रुपये. त्यात भाडं, दोन आचाऱ्यांचे पगार, १९ किलोचा सिलिंडर. शिवाय सवलतीचा भार हॉटेलवरच टाकला तर संपलंच!

ॲपवर दर १५-२० टक्के चढे ठेवून फोनवरच्या ऑर्डरला मूळ दर लावलेत का कुणी? गिऱ्हाईक टिकतं का? (ॲपसोबतच्या करारात सगळीकडे समान दर ठेवण्याची अट आहे का, ते आधी बघा.)

दुसरं, मिसळीचा रस्सा आणि फरसाण वेगळं देता येतं, पण चपात्या वाफेने ओल्या होतात. फॉइलऐवजी बटर पेपर, की पाच मिनिटं निववून मग गुंडाळायच्या?

भाडेकरारात साथीच्या काळात सूट मिळेल असं कलम असलेला नमुना कुणाकडे आहे का?